सुटा निरोप आणि तो घेणारा



मराठीत ‘निरोप घेणे’ म्हणजे जाण्याची अनुज्ञा मागणे, असा अर्थ रूढ झाला आहे. आजच्या विषयात मात्र हे शब्द अक्षरशः घ्यावयाचे आहेत. दुरून आलेला निरोप हाती कसा घ्यावा, तो कोणी धाडला हे कसे ओळखावे, आणि तो अर्धाच पोचला तर जाब कोणाला विचारावा, हे प्रश्न टपालाइतकेच जुने आहेत. संगणकांच्या जाळ्याने गेल्या साठ वर्षांत त्यांना एक धीट उत्तर दिले. ते उत्तर असे की, वाटेने कसलीही हमी देऊ नये. जी जबाबदारी आहे ती धाडणाऱ्याने आणि घेणाऱ्याने वाहावी. हा विचार कोठे उपजला, त्याला कोणी विरोध केला, मुंबईमार्गे तो आपल्याकडे कसा आला आणि वाशीमच्या माणसाला त्याचे सोयरसुतक काय, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रारंभ आपल्याच गावापासून करू. १९३९ साली वाशीम येथे एक ताम्रपट उजेडात आला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षी दिलेले ते दानपत्र. वा. वि. मिराशी आणि महाजन या विद्वानांनी त्याचे संपादन केले आणि या शाखेच्या इतिहासावर मोठा प्रकाश पडला. काही भाग संस्कृतात, बराचसा प्राकृतात, अशी त्याची भाषा आहे. इतिहासकार त्यातून वंशावळ काढतो, भाषाशास्त्रज्ञ प्राकृताची रूपे काढतो. आपण आज त्याच्याकडे केवळ एक निरोप म्हणून पाहू. हे पत्र वत्सगुल्माहून निघाले, हे पत्रातच लिहिलेले आहे. देणारा कोण, त्याचे वाडवडील कोण, नांदेडच्या परिसरातील कोणते गाव दिले, ते कोणाला दिले, कोणत्या वर्षी दिले, हे सारे त्या तांब्याच्या पत्र्यांवर आहे. राजा गेला, राजधानी गेली, दूत गेला. तरी पत्र वाचता येते, कारण ते स्वतःपुरते पुरे आहे. त्याचा अर्थ लावण्यासाठी देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कोणती दोरी जोडलेली असावी लागत नाही.

संगणकाच्या जगात अशा स्वयंपूर्ण निरोपाला ‘डेटाग्रॅम’ म्हणतात. टेलिग्रॅम या शब्दाच्या धर्तीवर, नॉर्वेचे हॅल्व्हर बोथनर-बी यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा शब्द सुचविला. आपण त्याला सुटा निरोप म्हणू. सुटा अशासाठी की, त्याच्या आधी कोणता निरोप आला आणि मागून कोणता येणार, याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्याच्या अंगावर घेणाऱ्याचा पत्ता असतो, धाडणाऱ्याचा पत्ता असतो आणि मजकूर असतो. बस्स, इतकेच.

याच्या अगदी उलट रीत टेलिफोनची. ज्येष्ठ श्रोत्यांना ट्रंककॉल आठवत असेल. आधी नोंदणी करावयाची, एक्स्चेंजने एकामागून एक तारा जोडून द्यावयाच्या, आणि मग बोलणे संपेपर्यंत ती सारी वाट दोघांच्याच मालकीची. आपण गप्प बसलो तरी वाट अडलेलीच. मध्ये एक तार तुटली की सारे बोलणे तुटले. टपालाची रीत तशी नाही. पत्र पेटीत पडले की त्याचे ते जाते. मूर्तिजापूरमार्गे जाईल, अकोल्यामार्गे जाईल. दोन पत्रे एकाच दिवशी टाकली तर मागचे पुढे पोचेल, आणि एखादे पोचणारही नाही. टेलिफोनच्या रीतीत सुख आहे, पण खर्च आहे. टपालाच्या रीतीत अनिश्चितता आहे, पण काटकता आहे. संगणकांना एकमेकांशी बोलावयाचे झाले तेव्हा यांपैकी कोणती रीत धरावी, हा वाद उभा राहिला.

अमेरिकेत पॉल बॅरन यांनी १९६४ साली रँड या संस्थेतून आपले विवेचन प्रसिद्ध केले. युद्धात मधली केंद्रे उद्ध्वस्त झाली तरी निरोप पोचावा, ही त्यांची चिंता. त्यासाठी निरोपाचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येकाने आपली वाट स्वतंत्रपणे शोधावी, अशी योजना त्यांनी मांडली. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस यांना १९६५ साली जवळजवळ तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. ‘पॅकेट’ हे नाव त्यांचे. १९६९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत आर्पानेट सुरू झाले ते याच तत्त्वावर. पण तेथेही तुकडे क्रमाने लावण्याचे आणि पोचविण्याचे काम मधली यंत्रेच करीत होती.

हे ओझे मधल्या वाटेवरून पुरते उतरविण्याचे धाडस फ्रान्सच्या लुई पूझँ यांनी केले. १९७२ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘सिक्लाद’ या जाळ्यात वाट ही नुसती वाट होती. तुकडा आला की पुढे ढकलावा. हरवला तर हरवला. तो हरवल्याचे ओळखणे आणि पुन्हा मागविणे हे टोकांवरच्या संगणकांचे काम. टपाल व टेलिफोन खात्यांना हा विचार रुचला नाही, आणि त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. ज्या खात्याची सारी प्रतिष्ठा ‘आम्ही जोडून देतो’ या वचनावर उभी, त्याने ‘आम्ही काहीच वचन देत नाही’ असे कसे म्हणावे? त्यांनी १९७६ साली एक्स-२५ नावाचा निराळा नियम संमत केला. त्यात बोलण्यापूर्वी दोन टोकांमध्ये टेलिफोनसारखी वाट बांधावी लागे. फ्रान्समध्ये पुढे खात्याचेच जाळे चालले आणि सिक्लादचा पैसा आटला. परंतु कल्पना आटली नाही. ती समुद्र ओलांडून गेली.

व्हिन्ट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ च्या मे महिन्यात जाळ्यांचे जाळे कसे विणावे याचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मूळ आराखड्यात वाट शोधणे आणि हमी देणे ही दोन कामे एकाच नियमात गुंफलेली होती. अडचण आली ती आवाजाची. डॅनी कोहेन हे जाळ्यावरून माणसाचे बोलणे पाठविण्याचे प्रयोग करीत होते. बोलण्याचा एखादा तुकडा हरवला तर कानाला किंचित खटकते. पण हरवलेला तुकडा पुन्हा मागवून उशिराने मध्येच ऐकविला तर सारा विचका होतो. म्हणजे काही निरोप असे असतात की, ते उशिरा येण्यापेक्षा न आलेले बरे. म्हणून १९७८ साली त्या एका नियमाचे दोन भाग झाले. नुसते पोचविण्याचा प्रयत्न करणारा आयपी हा खालचा थर, आणि क्रम व हमी सांभाळणारा टीसीपी हा वरचा थर. ज्यांना हमी नको होती त्यांना आयपीच्या जवळ नेणारा एक तिसरा, अगदी साधा नियम हवा होता. जॉन पोस्टेल यांनी तो २८ ऑगस्ट १९८० या दिवशी लिहून काढला. अवघी तीन पाने! त्याचे नाव यूडीपी. त्यात निरोपाच्या माथ्यावर केवळ आठ बाइट लिहावयाचे: धाडणाऱ्याचे दार, घेणाऱ्याचे दार, निरोपाची लांबी आणि मजकूर बिघडला नाही ना हे ताडण्याची एक बेरीज. निरोप पोचेलच असे वचन त्यात नाही, दोनदा पोचणार नाही असेही वचन नाही, आणि हे त्यात स्वच्छ सांगितलेले आहे. मला या तीन पानांतील प्रांजळपणाचे मोल फार वाटते.

नियम झाला, आता घेणाऱ्याच्या हाती काय दिले ते पाहू. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडविलेली सी ही भाषा तोवर दहा वर्षांची झाली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने १९८३ च्या ऑगस्टमध्ये युनिक्सची ४.२ ही आवृत्ती काढली आणि तिच्यात ‘सॉकेट’ नावाची सोय दिली. आज जगातील बहुतेक सर्व यंत्रांवर हीच सोय थोड्याफार फरकाने चालते.

सुटा निरोप घेण्याचा विधी असा आहे. प्रोग्रॅमने प्रथम एक सॉकेट उघडावयाचे आणि सांगावयाचे की, मला सुटे निरोप घ्यावयाचे आहेत. मग ‘बाइंड’ करावयाचे, म्हणजे आपल्या दारावर क्रमांकाची पाटी लावावयाची. पाटी नसेल तर टपालवाला निरोप कोठे टाकणार? यापुढे टेलिफोनप्रमाणे कोणाची हाक स्वीकारणे, जोडणी करणे, हे काही नाही. ‘रिसीव्ह-फ्रॉम’ असे म्हणून वाट पाहत बसावयाचे. निरोप येईपर्यंत प्रोग्रॅम तेथेच थांबतो. आला की मजकूर हाती पडतो, त्याची लांबी कळते, आणि कोणाकडून आला तो पत्ताही कळतो. ‘अमक्याकडून घेतले’ असे जे त्या आज्ञेच्या नावातच आहे, ते याच कारणाने. ओळखपाळख नसलेल्या शंभर ठिकाणांहून एकाच दाराशी निरोप येतात. धाडणाऱ्याचा पत्ता कळला नाही तर उत्तर कोणाला लिहावयाचे?

या आज्ञेला सहा गोष्टी द्याव्या लागतात: सॉकेट कोणते, मजकूर कोठे ठेवावा, तेथे जागा किती, काही विशेष सूचना, धाडणाऱ्याचा पत्ता कोठे लिहावा, आणि त्या पत्त्यासाठी जागा किती. सहांपैकी दोन गोष्टी नुसत्या मापाच्या आहेत, आणि नवशिके फसतात ते बहुधा मापातच. आपल्या बाजार समितीतील मापाऱ्याचा दृष्टांत घ्या. सोयाबीनचे एक पोते आले आणि समोरचे माप लहान पडले, तर शहाणा मापारी पुन्हा माप भरतो. रिसीव्ह-फ्रॉम तसे करीत नाही. एका वेळी एकच पोते, हा तिचा नियम. मापात मावले ते मावले. उरलेले सांडले ते सांडले. पुढच्या वेळी हात घातला तर पुढचे पोते हाती येते, मागचे उरलेले कधीच नाही. आणि सांडल्याचा पुकाराही आपोआप होत नाही. तो मुद्दाम विचारून घ्यावा लागतो. पत्त्याच्या जागेचे माप तर आधी भरून द्यावे लागते, आणि खरा पत्ता किती लांबीचा होता ते यंत्र त्याच ठिकाणी परत लिहून देते. ते भरावयाचे राहिले तर धाडणाऱ्याचा पत्ता अर्धवट किंवा भलताच हाती येतो.

आणखी एक बारकावा. टीसीपीच्या जोडणीत ‘शून्य बाइट आले’ याचा अर्थ पलीकडच्याने बोलणे संपविले असा होतो. सुट्या निरोपात तसे नाही. रिकामे पाकीट हाही निरोपच. आणि घेणारा जर आपल्याच कामात दंग राहिला, तर आलेले निरोप काही काळ यंत्राच्या कोनाड्यात साठतात. कोनाडा भरला की पुढचे मुकाट्याने टाकून दिले जातात. धाडणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्यालाही कळत नाही.

आता हे सारे महाराष्ट्रात कसे आले ते सांगतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका विभागातून १९८५ साली मुंबईत ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख श्री. एस. रमाणी. भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने १९८६ साली ‘एर्नेट’ ही शिक्षण व संशोधन संस्थांच्या जाळ्याची योजना सुरू झाली. तीत ही संस्था होती, पाच आयआयटी होत्या आणि बंगळूरची विज्ञान संस्था होती. १९८६-८७ मध्ये मुंबईतल्या मुंबईत, ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात, टेलिफोन फिरवून ई-पत्रांची देवघेव सुरू झाली. म्हणजे प्रारंभ झाला तो जोडणीच्या रीतीनेच. पुढे कायमच्या भाड्याच्या तारा मिळाल्या तेव्हा एर्नेटने दोन निरनिराळ्या नियमसंचांना एकाच वाटेवरून जाऊ दिले. १९९५ नंतर मात्र जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी-आयपीची झाली. वाद सभेत नव्हे, वापरात मिटला.

या इतिहासात एक दिवस आपण लक्षात ठेवावा असा आहे. ८ मे १९८९ रोजी ‘डॉट इन’ हे भारताचे नाव जाळ्याच्या दप्तरात नोंदले गेले. त्याचा सांभाळ मुंबईच्या याच संस्थेकडे आला, आणि तो २००५ साली ‘निक्सी’ या संस्थेकडे जाईपर्यंत तिच्याकडेच होता. नावांच्या या दप्तराचा त्या वेळचा कारभारी कोण? तर तेच जॉन पोस्टेल, ज्यांनी यूडीपीची तीन पाने लिहिली.

येथून वाशीम दूर नाही. आपल्या जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ ‘वाशिम डॉट गव्ह डॉट इन’ या नावाचे आहे. नाव माणसासाठी, यंत्राला आकडी पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगण्याची व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली आणि तिच्या प्रश्नोत्तरांसाठी मुख्यतः सुटा निरोपच निवडला. कारण उघड आहे. ‘अमक्याचा पत्ता काय?’ एवढे विचारण्यासाठी ट्रंककॉल जोडत बसणे परवडत नाही. एक कार्ड टाकावे, एक कार्ड यावे. थोडा वेळ उत्तर आले नाही तर पुन्हा टाकावे. तेव्हा कोणी शेतकरी सातबाऱ्यासाठी किंवा विद्यार्थी निकालासाठी मोबाइलवर एखादे सरकारी पान उघडतो, तेव्हा बहुधा ते पान येण्याआधी एक सुटा निरोप बाहेर गेलेला असतो आणि एक आत आलेला असतो. या उत्तराचे माप आरंभी ५१२ बाइटचे ठरले होते. त्याहून मोठे उत्तर असेल तर देणाऱ्याने ‘उत्तर अपुरे आहे’ अशी खूण करावी आणि विचारणाऱ्याने जोडणी करून पुन्हा विचारावे, असा संकेत घातला. वाट जे सांगत नाही ते टोकांनी एकमेकांस सांगावे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

नाव आणि पत्ता निराळे ठेवण्याचे शहाणपण वाशीमकरांना तरी पटावे. वत्सगुल्म, बाशीम, वाशीम अशी या गावाची नावे. इंग्रजी अमलात हे जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५ साली तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला. १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रत्येक वेळी पत्ता बदलला. माणसे मात्र गावालाच शोधत आली.

हा झाला गुणांचा इतिहास. दोषांचा इतिहासही सांगितला पाहिजे, नाही तर हे व्याख्यान जाहिरात होईल. २५ जानेवारी २००३ या दिवशी ‘स्लॅमर’ नावाचा एक कीडा जाळ्यावर सुटला. तो म्हणजे ३७६ बाइटचा एकच सुटा निरोप. मायक्रोसॉफ्टच्या एका दप्तर-प्रोग्रॅमचे १४३४ क्रमांकाचे दार हे त्याचे लक्ष्य. निरोप दारात नीट घेतला जाई; पण पुढे घरात त्यातील मजकूर एका लहान जागेत माप न पाहता ओतला जाई. जास्तीचा मजकूर शेजारच्या जागेत सांडे, आणि तेथे तो हुकूम बनून बसे. मग तेच यंत्र पुढे हजारो ठिकाणी तसाच निरोप धाडू लागे. जोडणी करावयाची नसल्याने कोणाच्या होकाराची वाट पाहणे नाही. दहा मिनिटांच्या आत जगातील अशा दुबळ्या यंत्रांपैकी ९० टक्क्यांहून अधिक यंत्रे त्याने धरली. अमेरिकेतील एका मोठ्या बँकेची पैसे देणारी यंत्रे बंद पडली. या छिद्राचे ठिगळ सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच, प्रसिद्ध झाले होते. पुष्कळांनी ते लावलेच नव्हते.

दुसरा दोष पत्त्याचा. निरोपावर धाडणाऱ्याचे म्हणून जे नाव असते ते धाडणारानेच लिहिलेले असते. पाकिटावर दुसऱ्याचे नाव घालण्यास कोणाची आडकाठी नाही. डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिले की, नावाचा पत्ता विचारणाऱ्याला खऱ्या उत्तराआधी खोटे उत्तर पोचवून फसविता येते. प्रश्नावर जो अनुक्रमांक असतो त्याच्या ६५,५३६ च शक्यता. इतके अंदाज यंत्राला जड नाहीत. जुलै २००८ मध्ये अनेक उत्पादकांनी एकदमच दुरुस्ती केली. प्रश्न विचारणाऱ्याने प्रत्येक वेळी निराळ्या, अंदाज न बांधता येणाऱ्या दारातून विचारावे, ही ती दुरुस्ती. येथेही वाटेत काही बदलले नाही. टोकावरचा घेणारा अधिक सावध झाला.

तेव्हा या साठ वर्षांचे तात्पर्य काय? वाटेने वचन दिले नाही म्हणून ती स्वस्त झाली, काटक झाली, आणि जेथे एक्स्चेंजची मोठी यंत्रे कधी पोचली नसती अशा गावांपर्यंत गेली. हा लाभ वाशीमसारख्या जिल्ह्याला इतरांपेक्षा अधिक आहे. पण त्याची किंमत अशी की, ‘पाठविले’ आणि ‘पोचले’ या दोन शब्दांमध्ये अंतर पडले. पूर्वी मनीऑर्डर गेली की पोच येई. त्या पोचेवर घेणाऱ्याचा अंगठा असे. सुट्या निरोपाला अशी पोच जन्मतः नाही; हवी असेल तर ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मागितली पाहिजे. एखाद्या कार्यालयाचा प्रोग्रॅम पीकनोंदीचा निरोप सोडून मोकळा होत असेल आणि पोच मागत नसेल, तर हरवलेल्या नोंदीची खूण कोठेही उरणार नाही. मग शेतकरी खिडकीशी उभा राहील आणि ‘आमच्याकडून तर गेले होते’ असे उत्तर त्याला मिळेल. ते उत्तर खोटे नसेल, अपुरे असेल.

प्रोग्रॅम लिहिणारे तरुण आता आपल्या तालुक्यांतूनही निघत आहेत. रिसीव्ह-फ्रॉम ही आज्ञा त्यांना एका दुपारी शिकता येईल. माप आधी पाहावे, आलेली लांबी मोजावी, धाडणारा कोण याची खातरजमा करावी, आणि ज्याच्यावर कोणाची भाकर अवलंबून आहे अशा निरोपाची पोच द्यावी व घ्यावी, ही शिस्त अंगवळणी पडण्यास मात्र वर्षे लागतात. आणि जे प्रोग्रॅम लिहीत नाहीत त्यांनी, म्हणजे आपण बहुतेकांनी, कोणत्याही खिडकीशी एक प्रश्न विचारण्यास शिकावे: पाठविले हे समजले, पोचल्याची खूण कोठे आहे?